डॉक्टरने तोंड कधी उघडावे?

आलापल्लीसारख्या गावात एखाद्याच्या डोक्याचे औषध सुरू झाले की चौकात कळायला वेळ लागत नाही. मग ठरलेली सोयरीक मोडते, हातचे काम जाते. म्हणून 2017च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचे कलम 23 कार्यकर्त्यांनी वाचलेच पाहिजे. रुग्णाची माहिती गुप्त ठेवणे हे डॉक्टरवर बंधन आहे. पण रुग्ण दुसऱ्याच्या जिवावर उठला असेल तर? तेव्हा डॉक्टरला बोलता येते, मात्र तो धोका टाळण्यापुरतेच. सगळी फाईल उघडायची मुभा नाही.

1998 साली सर्वोच्च न्यायालयाने एचआयव्हीच्या प्रकरणात हेच तत्त्व मान्य केले; होणाऱ्या पत्नीचा जीव गुप्ततेपेक्षा मोठा ठरला.

खरी गोम पुढे आहे. सद्हेतूने केलेल्या कृतीचे संरक्षण या कायद्याने सरकारला आणि प्राधिकरण व मंडळाच्या सदस्यांना दिले. डॉक्टर, समुपदेशक त्यात नाहीत! त्यांना आधार कलम 23च्या अपवादांचाच. आम्हा वकिलांना अशिलाचे बोलणे झाकण्याचा विशेषाधिकार आहे, डॉक्टरला कोर्टात तोही नाही.

तेव्हा काय सांगितले, कोणाला, कशासाठी, हे डॉक्टरने तारखेसह लिहून ठेवावे. रुग्णाच्या वकिलानेही पहिल्यांदा तीच नोंद मागावी.