छतावरची वीज, सुनावणीतली हरकत

सौरऊर्जेचा प्रचार म्हटला की फेरी, फलक आणि सह्यांची मोहीम डोळ्यांसमोर येते. पण छतावर पॅनेल बसवणे परवडेल की नाही, हे बरेचसे ठरते ते राज्य वीज नियामक आयोगाच्या आदेशात. त्या आदेशाआधी ग्राहकाला बोलायची संधी असते आणि ती कायद्यानेच दिलेली आहे.

दार कुठे आहे?

वीज हा राज्यघटनेच्या समवर्ती सूचीतला विषय. केंद्र धोरण आखते, पण घरगुती वीजदर राज्याचा आयोग ठरवतो. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग 1999 मध्ये स्थापन झाला. विद्युत कायदा 2003 च्या कलम 64 नुसार वीज कंपनीला दरवाढीचा प्रस्ताव जाहीर करावा लागतो आणि लोकांच्या हरकती-सूचना विचारात घेऊनच आयोग आदेश देतो. कलम 86 ने अक्षय ऊर्जेला चालना देण्याचे कामही आयोगाकडेच सोपवले आहे. वीज कंपन्यांनी ठरावीक वाटा अक्षय स्रोतांतून घ्यावा, हे बंधन त्यातूनच येते.

कलम 94 प्रमाणे आयोग ग्राहकांची बाजू मांडायला प्रतिनिधी नेमू शकतो. पुण्याची ‘प्रयास’ आणि मुंबई ग्राहक पंचायत या संस्थांनी हे काम केले आहे. मात्र हरकत घ्यायला संस्थेचा शिक्का लागत नाही. साधा ग्राहकही ती नोंदवू शकतो.

भांडण कशावरून?

एक घर धरा. महिन्याचा वापर 300 युनिट, पॅनेलची निर्मिती 280. दिवसा 110 युनिट घरातच वापरली गेली, उरलेली 170 ग्रिडमध्ये गेली. संध्याकाळनंतर 190 युनिट ग्रिडमधून घेतली.

नेट मीटरिंगमध्ये 190 मधून 170 वजा होतात आणि ऊर्जा आकार फक्त 20 युनिटांवर लागतो. नेट बिलिंगमध्ये 190 युनिट नेहमीच्या दराने मोजली जातात आणि 170 युनिटांचे पैसे त्याहून बऱ्याच कमी दराने जमा होतात. पॅनेल तेच, ऊन तेच. बदलते ती फक्त वजाबाकी. कर्ज काढून पॅनेल बसवणाऱ्याचे हप्त्यांचे गणित मात्र या वजाबाकीवरच उभे असते.

2019 मध्ये काय झाले?

त्या वर्षी आयोगाने छतावरील सौरऊर्जेसाठी नव्या विनियमांचा मसुदा काढला. नेट मीटरिंगला महिना 300 युनिटांची मर्यादा घालण्याचा प्रस्ताव त्यात होता. ग्राहक आणि पॅनेल बसवणारे छोटे व्यावसायिक यांच्याकडून मोठ्या प्रमाणावर हरकती आल्या. डिसेंबरअखेर निघालेल्या अंतिम विनियमांत नेट मीटरिंग कायम राहिले. राज्यातील छतावरील सौर क्षमता एका ठरावीक टप्प्याला पोहोचेपर्यंत ग्रिड वापरण्याचा वेगळा आकार लावायचा नाही, असेही ठरले.

समोरची बाजू

वीज कंपनीचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही. तारा, रोहित्रे आणि कर्मचारी यांचा खर्च सौर ग्राहकासाठीही होतोच. जास्त वापराचे, जास्त दराचे ग्राहक पॅनेलकडे वळले की त्यांच्या पैशातून गरीब घरांना आणि शेतीपंपांना मिळणारा आधार आटतो. शिवाय दुपारी सौर वीज मुबलक असते, तर संध्याकाळची मागणी भागवायला महाग वीज घ्यावी लागते. ज्या हरकतीत या मुद्द्यांना उत्तर असते, तिचे वजन वाढते.

हरकत कशी लिहावी?

• सुरुवातीलाच याचिकेचा किंवा मसुद्याचा क्रमांक आणि ज्या परिच्छेदावर हरकत आहे तो लिहा.
• ‘पर्यावरण वाचवा’ एवढ्यावर थांबू नका. बिलाची प्रत जोडा. आयात-निर्यातीची युनिटे जुन्या आणि प्रस्तावित पद्धतीने मांडून फरक रुपयांत दाखवा.
• नको ते सांगितल्यावर हवे तेही सांगा: कोणता शब्द वगळावा, कोणती मर्यादा किती असावी.
• मुदत पाळा, आणि सुनावणीत बोलायचे असल्यास तसे हरकतीतच नमूद करा.
• सोसायटीचा ठराव जोडलात तर एका बिलामागे पन्नास घरे उभी राहतात.

फाइल आजच उघडा

छतावरील सौर क्षमता वाढत जाईल तसा ग्रिडच्या खर्चाचा प्रश्न पुन्हा आयोगासमोर येणार. तेव्हा कंपनी वर्षानुवर्षांचे आकडे घेऊन येईल. आपल्याकडे निदान बारा महिन्यांची बिले तारीखवार लावलेली असावीत.