रानभाजी महोत्सव : नाम आणि कृती

‘भाजी’ हा शब्द मराठीत वनस्पती व तिजपासून सिद्ध होणारे खाद्य या दोहोंचा वाचक आहे. अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यात पावसाळ्यात भरणाऱ्या रानभाजी महोत्सवांत हे दोन्ही अर्थ शेजारी मांडलेले दिसतात : एकीकडे ताजा पाला, दुसरीकडे शिजविलेला पदार्थ. त्यांना जोडणारी कृती स्त्रिया तोंडी सांगतात. हा दुवाच महत्त्वाचा होय. भारंगीचा कडू पाला उकडून पिळून घ्यावा लागतो. चाईचा मोहोर भाजीस घेतात. नुसत्या नावावरून हे कळत नाही. शिवाय नावे स्थलपरत्वे बदलतात; येथील टाकळा विदर्भात तरोटा होतो. या भाज्यांना मोल पडत नाही. परंतु ज्यास त्या ओळखता येत नाहीत, त्यास त्या नसल्यासारख्याच.

याच तालुक्यातील कोंभाळणे येथील राहीबाई पोपेरे यांना देशी वाणांच्या संवर्धनाबद्दल २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. शेतातील वाणाचे बी घरी राखता येते. रानात आपोआप उगवणाऱ्या भाजीची ओळख मात्र सांगण्या-ऐकण्यातूनच टिकते; ती खुंटली, तर रान असूनही अन्न हरपते. म्हणून बोलीच्या अभ्यासकाने नावासोबत ऋतू, खाद्य भाग व कृती यांचीही नोंद करणे अगत्याचे आहे.