टेम्पो घोटावड्याला, ठिपका भुकूमला!

गेल्या पावसाळ्यात मुळशी तालुक्यातील घोटावडे येथे आमच्या मालाचा टेम्पो साडेतीन तास उशिरा पोहोचला. माल म्हणजे कामगारांच्या गणवेशाचे खाकी आणि निळे ड्रिल, एकूण बावीस तागे. पिरंगुटच्या बाजूला कारखाने पुष्कळ आहेत. त्यांच्यापैकी काहींचे गणवेश घोटावड्यातील एक छोटे शिवणघर शिवून देते. तिथे सहा बायका नगावर काम करतात. नगावर काम म्हणजे काय, हे आमच्या कारागीर बांधवांना सांगायला नको. कापड नाही तर शिलाई नाही आणि शिलाई नाही तर मजुरी नाही. त्या दिवशी दुपारपर्यंत सहाही यंत्रे बसून राहिली. शिवणघर चालविणाऱ्या बाईंनी फोनवर आम्हाला एवढेच विचारले, "भाई, या सहाजणींच्या अर्ध्या दिवसाचे काय?" ती मजुरी आम्ही आमच्या खात्यातून दिली, टेम्पोचे जादा भाडे वेगळे. रात्री हिशेब मांडला तेव्हा त्या खेपेचा नफा तर गेलाच होता, वर पदरचेही गेले होते.

आम्ही ड्रायव्हरला चांगलेच झापले. मुलगा नवा आहे, पण खोटे बोलणारा नाही. तो म्हणाला, "सेठ, मोबाईलमध्ये गाडीच पुढे सरकत नव्हती." चांदणी चौक, भूगाव, भुकूमपर्यंत सगळे ठीक होते. पिरंगुटचा घाट उतरला तरी पडद्यावरचा निळा ठिपका भुकूमलाच उभा. मग एकदम उडी मारून तो पुढे गेला. तोवर घोटावडे फाटा मागे पडला होता. परत फिरून फाट्यावर वळला, तर गावाच्या पुढे जाऊन रिहे खोऱ्याच्या रस्त्याला लागला. पाऊस पडत होता, रेंज नव्हती आणि विचारायला रस्त्यावर माणूस नव्हता.

आमच्या एका भाच्याचे मोबाईल दुरुस्तीचे दुकान आहे. रविवारी त्याला, ड्रायव्हरला आणि तोच टेम्पो घेऊन आम्ही तोच रस्ता पुन्हा केला. भाचा निघतानाच म्हणाला, "मामू, ठिपका चुकतोय की नकाशा चुकतोय, हे आधी बघा. दोन्ही रोग वेगळे आहेत." ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. २०२१ च्या जानेवारीत अकोले तालुक्यात कोतूळजवळ पुण्याकडची एक मोटार रात्री नकाशाच्या भरवशावर धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या पुलावर उतरली आणि चालकाचा जीव गेला. तिथे जागा दाखविण्यात चूक नव्हती, पूल पाण्यात आहे हे नकाशाला ठाऊक नव्हते. असल्या रोगाला फोनमध्ये औषध नाही. आमचा रोग दुसरा होता. नकाशा बरोबर होता, गाडी कुठे आहे हेच फोनला कळत नव्हते.

फोनला जागा कळते कशी, तेही थोडक्यात सांगतो. अमेरिकेचे जीपीएसचे उपग्रह जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरत असतात. प्रत्येकात अतिशय अचूक घड्याळ असते आणि तो सारखा आपली वेळ सांगत असतो. संदेश सेकंदाला तीन लाख किलोमीटर धावतो. तो किती उशिरा आला यावरून फोन अंतर काढतो. वेळेत सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली तर जमिनीवर ३०० मीटरची चूक होते. निदान चार उपग्रह दिसले तरच हिशेब जुळतो. उघड्या आकाशाखाली चांगला फोन पाच मीटरच्या आसपास अचूक जागा सांगतो. पण एवढ्या लांबून येणारा संदेश फार क्षीण असतो. पत्र्याच्या टपाखाली, इमारतीत किंवा डोंगराच्या कुशीत तो अडतो नाहीतर कड्यावर आपटून वाकडा येतो. मुळशीच्या खोऱ्यात दोन्ही बाजूंना डोंगर, म्हणजे आकाशाची पट्टीच अरुंद. ढगांना मात्र उगाच दोष देतात, पावसाने या संदेशाचे फारसे बिघडत नाही.

मग शहरात त्या मुलाचा फोन नीट चालत होता तो कसा? इथेच खरी मेख आहे. उपग्रह दिसले नाहीत तर फोन आसपासचे मोबाईलचे टॉवर आणि लोकांच्या घरातील वायफाय यांच्यावरून अंदाज बांधतो. पुण्याच्या पेठांमध्ये वायफाय इतके की अंदाजही बरोबर येतो. घाट उतरल्यावर टॉवर विरळ, वायफाय नाही. फोनने शेवटचा टॉवर धरला आणि ठिपका भुकूमला रोवला. म्हणजे जीपीएस कित्येक महिन्यांपासून बिघडलेले असावे, पुण्यात कुणाला पत्ता लागला नाही, घोटावड्यात उघडे पडले.

फाट्याच्या अलीकडे मोकळ्या जागेत टेम्पो उभा करून भाच्याने तपासणी केली. आधी सेटिंग. बॅटरी सेव्हर चालू होता. काही फोनमध्ये तो चालू असला की पडदा बंद होताच जागा शोधणे थांबते. नकाशाच्या ॲपला 'अंदाजे' जागेचीच परवानगी होती. अँड्रॉइड १२ पासून अचूक आणि अंदाजे असे दोन पर्याय येतात. अंदाजे म्हणजे साधारण तीन चौरस किलोमीटरचा परिसर, त्यात शिवणघर काय सापडणार! दोन्ही गोष्टी दुरुस्त केल्या, फोन बंद करून चालू केला. फरक थोडा पडला, पण समाधान होईना. फोनच्या पाठीला चुंबकाच्या स्टँडसाठी लोखंडी पत्री चिकटवलेली होती. ती काढली. आणखी थोडा फरक.

मग त्याने उपग्रह दाखविणारे एक मोफत ॲप उघडले. आमच्या फोनमध्ये वीसच्या वर उपग्रह कामाला लागलेले, ड्रायव्हरच्या फोनमध्ये दोन, कधी तीन. एकाच जागी, एकाच आकाशाखाली! भाचा हसला. "मामू, आता सेटिंग नाही, स्क्रू बघावे लागतील." मुलाने सांगितले की फोन पडल्यावर मागचे झाकण बदलून घेतले होते. दुकानात आणून उघडला तेव्हा दोन स्क्रू बसवलेलेच नव्हते आणि अँटेनाचा बारीक पितळी काटा दबून गेला होता. पुष्कळ फोनमध्ये जीपीएसची अँटेना आतल्या झाकणात असते आणि ती या काट्यांनी खालच्या सर्किटला टेकते. काटा टेकला नाही तर फोन बहिरा. काटा उचलून, साफ करून, स्क्रू आवळले. वीस मिनिटांचे काम. खर्च भाच्याने घेतला नाही, चहा आमच्याकडून. ज्या मुलाला आम्ही झापले त्याला काय म्हणावे हे मात्र आम्हाला सुचेना.

फोन धडधाकट असला तरी एक गोष्ट सांभाळावी लागते. नेट असताना उपग्रहांची ताजी माहिती फोनला नेटवरून मिळते आणि जागा काही सेकंदांत सापडते. नेट गेले की तीच माहिती उपग्रहाकडून ऐकावी लागते. प्रत्येक उपग्रहाचे सलग तीस सेकंद ऐकायला हवे आणि वळणावळणाच्या रस्त्यावर ते तुटत राहते. म्हणून निघण्यापूर्वी दुकानाच्या दारात, उघड्यावर, ठिपका स्थिर होऊ द्यावा. त्या भागाचा नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून घ्यावा. वाटेत ठिपका अडकला तर मोकळ्या जागी दोन-चार मिनिटे उभे राहावे, चालत्या गाडीत फोन आपटून काही होत नाही. फोन काचेजवळ ठेवावा, सीटखाली नाही.

आता गिऱ्हाईकाकडून आम्ही गावाच्या नावाऐवजी आकडे मागवतो. आमच्या उर्दू शाळेत भूगोलाच्या तासाला अर्ज-उल-बलद आणि तूल-उल-बलद पाठ करून घेत, म्हणजेच अक्षांश आणि रेखांश. अर्ज म्हणजे पन्हा, तूल म्हणजे लांबी. कापडवाल्याला याहून सोपे काय! दशांशानंतर चार आकडे दिले की जागा दहा-अकरा मीटरपर्यंत पक्की होते. हे आकडे साध्या एसएमएसनेही जातात, व्हॉट्सॲपची गरज नाही. नुसते 'घोटावडे' लिहिले तर नवा माणूस फाट्यावरच गाव शोधत बसतो. फाटा पौड रस्त्यावर आहे आणि गाव आत आहे.

जाता जाता एक. किब्ला दाखविणारे ॲप भलतीकडे बोट करीत असेल तर जीपीएसला बोल लावू नका. त्यातला होकायंत्राचा भाग चुंबकाने बिघडतो. चुंबकाची बटणे असलेले पाकीट काढा, फोन हवेत इंग्रजी आठच्या आकड्यासारखा फिरवा. आपल्याकडून किब्ला पश्चिमेच्या किंचित उत्तरेला आहे, एवढे ध्यानात ठेवले तर चूक लगेच कळते.

नवीन फोन घेताना आता आम्ही भारताच्या नाविक उपग्रहांचीही चौकशी करतो. २०२३ च्या २९ मे रोजी सोडलेल्या एनव्हीएस-०१ या उपग्रहात देशात बनविलेले अणुघड्याळ आहे. पण नाविकचा संदेश पकडणारी चिप फोनमध्ये असेल तरच त्याचा उपयोग, हे दुकानदाराकडून नीट विचारून घ्यावे.

पुढच्या खेपेला मुलगा वेळेवर पोहोचला आणि पोहोचताच त्याने फोन केला. शिवणघराच्या बाईंनी मात्र अट घातली आहे की माल त्याच सकाळी नको, आदल्या संध्याकाळी पोहोचवा. आम्ही ती मान्य केली आहे.