जलाशयातील खोल पाण्याची मासळी आणि जाळ्यांची निवड

महाराष्ट्रातील धरणांमुळे जे मोठे जलाशय निर्माण झाले, त्यांच्या काठच्या अनेक शेतकरी कुटुंबांची जमीन पाण्याखाली गेली. त्यांपैकी काहींनी मासेमारीचा धंदा पत्करला, तर काहींनी तो शेतीस जोडधंदा म्हणून धरला. या लोकांकडून एक तक्रार वारंवार ऐकावयास मिळते. जलाशयात दर वर्षी बोटुकली सोडली जाते, परंतु उन्हाळा लागला म्हणजे जाळी रिकामी येऊ लागतात. ‘मासा खोल गेला’ असे म्हणून मग अधिक वजनाची जाळी उसनवारीने आणली जातात व ती थेट तळाशी सोडली जातात. पुष्कळदा तीही रिकामीच येतात आणि कर्ज मात्र अंगावर राहते.

याचे कारण असे की, खोल पाण्यातील मासळी मिळविण्यासाठी केवळ जाळे खोल सोडणे पुरेसे नसते. मासा कोणत्या थरात आहे हे आधी ठरवावे लागते व जाळे त्याच थरात उभे राहील अशी योजना करावी लागते. ही योजना कशी करावी, याची माहिती ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांना व मासेमारी करणाऱ्या शेतकरी बंधूंना व्हावी, या हेतूने हा लेख लिहिला आहे.

पाण्यातील थर

जमीन खणली असता जसे माती, मुरूम व खडक असे थर लागतात, तसेच खोल पाण्यातही थर असतात. उन्हाने वरचे पाणी तापते. तापलेले पाणी हलके असल्यामुळे ते वरच राहते व थंड, जड पाणी खाली राहते. या दोहोंमध्ये एक असा पट्टा असतो की, तेथे थोड्याच अंतरात उष्णतामान झपाट्याने उतरते. हा पट्टा एखाद्या झाकणासारखे काम करतो. वाऱ्यामुळे वरचे पाणी ढवळले जाते व त्यास हवेतील प्राणवायू मिळत राहतो, परंतु तो झाकणाखाली पोहोचत नाही. खाली तर पालापाचोळा व मेलेले जीव कुजत असल्यामुळे होता तो प्राणवायूही खर्च होतो.

अशा ठिकाणी तळ कितीही शांत व थंड असला, तरी मासा तेथे राहू शकत नाही. रोहू व कटला यांसारख्या माशांना लिटरमागे सुमारे 5 मिलिग्रॅम प्राणवायू असलेले पाणी मानवते. 3 मिलिग्रॅमच्या खाली ते बेचैन होतात व जागा सोडतात. थंडीत वरचे पाणी गार होऊन खाली बसू लागले म्हणजे थर मोडतात व मासळी पुन्हा सर्वत्र पसरू शकते.

सर्व जलाशयांत हे थर सारखे पडत नाहीत. कोयनेच्या धरणाची उंची 103 मीटर आहे, तर पैठणच्या जायकवाडी धरणाची सुमारे 41 मीटर. अरुंद दऱ्यांतील खोल पाण्यात थर टिकून राहतात, तर विस्तीर्ण व उथळ पाणी वाऱ्याने तळापर्यंत ढवळले जाण्याचा संभव अधिक. म्हणून शेजारच्या धरणावरील अनुभव आपल्या धरणास जसाच्या तसा लावू नये.

थर ओळखण्याची सोपी रीत

यासाठी मोठ्या उपकरणांची जरूरी नाही. एका दोरीला प्रत्येक मीटरवर गाठ अथवा रंगीत चिंधी बांधावी व टोकास जड दगड लावावा. त्याच्यावर काचेची एक बाटली पक्की बांधून तिला बूच बसवावे आणि बुचास निराळी बारीक दोरी बांधावी. बाटली हव्या त्या खोलीपर्यंत सोडून बारीक दोरीस झटका द्यावा. बूच निघून त्या थराचे पाणी बाटलीत भरते. बाटली चटकन वर ओढून पाण्याचे उष्णतामान साध्या तापमापकाने लगेच पाहावे व नोंदवून ठेवावे. दर 2 मीटरवर अशी पाहणी केली म्हणजे उष्णतामान कोठे एकदम उतरते, ते समजते.

बाटलीतील पाण्यास कुजक्या अंड्यासारखा वास आला, तर त्या थरात प्राणवायू नाही असे निश्चित समजावे. तेथे जाळे लावणे व्यर्थ होय. वास न आला तरी तेवढ्यावरून पाणी चांगले आहे असे मानू नये. शक्य असेल तेथे मत्स्यव्यवसाय खात्याच्या अधिकाऱ्यांकडून प्राणवायूची तपासणी करून घ्यावी.

कोणता मासा कोठे सापडतो

माशाच्या तोंडाची ठेवण पाहिली असता त्याची चरण्याची जागा पुष्कळ अंशी कळते. कटल्याचे तोंड वरच्या बाजूस वळलेले असते. तो वरच्या थरातील सूक्ष्म प्राण्यांवर उपजीविका करतो. रोहू मुख्यतः मधल्या थरात चरतो. मृगळाचे तोंड खालच्या बाजूस असून तो तळावरील कुजके सेंद्रिय द्रव्य खातो. शिंगटा व वाम हेही तळाशी राहणारे मासे होत. त्यांपैकी शिंगटा इतर मासे खाणारा आहे. मरळ हवेतून श्वास घेऊ शकते व काठच्या गवताळ, उथळ पाण्यात आढळते. चिलापीही बहुधा काठाजवळच असते. या दोहोंसाठी खोल पाण्याच्या जाळ्यांवर खर्च करण्याचे कारण नाही.

वर सांगितलेली विभागणी ही साधारण चाल समजावी. खाली प्राणवायू कमी झाला म्हणजे मृगळासारखा तळाचा मासाही खोल जागा सोडतो व काठाकडील उताराच्या तळावर येतो. म्हणून उन्हाळ्यात तळाचे जाळे जलाशयाच्या मध्यभागी लावण्याऐवजी, ज्या उतारावर तळ चांगल्या पाण्याच्या थरात येतो, तेथे लावणे हितावह असते.

होडीमागे गळ ओढण्याची पद्धत

परदेशातील गळ ओढण्याच्या साधनांविषयी काही तरुण मंडळी चौकशी करतात. अमेरिकेतील मिशिगनसारख्या विशाल सरोवरांत ही पद्धत रूढ आहे. तेथील लेक ट्राउट हा मासा सुमारे 10 अंश सेल्सियस उष्णतामानाचे थंड पाणी पसंत करतो व उन्हाळ्यात खोल जातो. 1966 साली मिशिगन सरोवरात कोहो जातीचा सॅमन मासा सोडण्यात आला, त्यानंतर तेथे हौशी मासेमारी फार वाढली. होडी चालू असता पाण्याच्या रेट्याने गळाची दोरी वर उचलली जाते, ही तेथील मुख्य अडचण असते. त्यासाठी पोलादी तारेस 4 ते 5 किलो वजनाचा शिशाचा गोळा लावून तो हव्या त्या खोलीवर सोडतात व गळाची दोरी गोळ्याजवळ चिमट्यात अडकवितात. मासा लागताच दोरी चिमट्यातून सुटते. काही ठिकाणी शिशाचा गाभा असलेली जड दोरीही वापरतात.

ही साधने कुशलतेने बनविलेली असली, तरी ती पळत्या आमिषावर झडप घालणाऱ्या शिकारी माशांसाठी आहेत. कटला, रोहू व मृगळ अशा आमिषामागे धावत नाहीत. आपल्या उत्पन्नाचा मुख्य आधार हेच मासे असल्यामुळे त्या साधनांवर पैसा घालणे आपणास परवडणारे नाही. शिंगट्यासाठी तळाशी सोडलेली अनेक गळांची लांब दोरी पुरेशी होते. तिच्या दोन्ही टोकांस वजन व खुणेची बोय लावावी, गळांत दीड ते दोन मीटर अंतर ठेवावे व आमिष म्हणून लहान मासे किंवा गांडुळे वापरावीत.

जाळे हव्या त्या थरात कसे उभे करावे

जलाशयात प्रामुख्याने गिल जाळे वापरले जाते. ते पाण्यात भिंतीसारखे उभे राहते व मासा आसात कल्ल्यांपाशी अडकतो. वरच्या दोराच्या बोयांची उचल आणि खालच्या दोराच्या वजनांची ओढ, या दोहोंच्या मेळावर जाळ्याची जागा ठरते.

वरच्या थरासाठी बोयांची उचल अधिक ठेवावी, म्हणजे वरचा दोर पृष्ठभागावर तरंगतो. तळासाठी वजन अधिक ठेवावे. खालचा दोर तळावर बसतो व लहान बोयांमुळे जाळे उभे राहते. मधल्या थरासाठी जाळे बेताने बुडेल इतके वजन ठेवून ते पृष्ठभागावरील मोठ्या बोयांना दोऱ्यांनी टांगावे. या दोऱ्यांची लांबी म्हणजेच वरच्या दोराची खोली होय. जाळ्याची उंची 5 मीटर व दोऱ्या 4 मीटर असतील, तर 4 ते 9 मीटरचा थर आवाक्यात येतो. दोऱ्यांची लांबी बदलून एकच जाळे निरनिराळ्या थरांत वापरता येते, ही या पद्धतीची मोठी सोय आहे.

जाळ्याची उंची मोजताना मात्र चूक होण्याचा संभव असतो. 100 मिलिमीटर आसाचे 50 आस उंचीस असले, तर ताणलेली उंची 5 मीटर भरते. परंतु 100 मीटर ताणलेले जाळे 50 मीटर दोरावर बसविले, तर पाण्यात प्रत्यक्ष उंची सुमारे 4.3 मीटरच मिळते. हिशेब या उंचीवर करावा.

वजनासाठी शिसे उत्तम. 1 किलो शिशाचे वजन पाण्यात सुमारे 910 ग्रॅम भरते, तर 1 किलो दगडाचे सुमारे 620 ग्रॅमच भरते. म्हणून शिशाऐवजी दगड वापरल्यास तो दीडपट घ्यावा. वरच्या दोरासाठी पॉलिप्रॉपिलिनचा दोर सोयीचा, कारण तो पाण्यावर तरंगतो. नायलॉन पाण्याहून जड असल्यामुळे बुडतो.

बोयांच्या बाबतीत विशेष दक्षता घ्यावी. खर्च वाचविण्यासाठी पाण्याच्या रिकाम्या बाटल्या अथवा थर्माकोलचे तुकडे लावण्याची प्रथा पडली आहे. पृष्ठभागावर ती चालते, परंतु खोल पाण्यात चालत नाही. 10 मीटर खोलीवर पाण्याचा व हवेचा मिळून दाब दुप्पट होतो व 20 मीटरवर तिप्पट होतो. त्यामुळे बुचाने बंद केलेली बाटली 10 मीटरवर चेपून आतील हवा निम्मी जागा व्यापते आणि 20 मीटरवर एक-तृतीयांश. थर्माकोलही दबते व पाणी शोषू लागते. बोयांची उचल अशी नाहीशी झाली म्हणजे जाळे तळावर गोळा होऊन पडते. वर होडीत बसलेल्या माणसास याचा पत्ताही लागत नाही. खोल जाळ्यासाठी कठीण प्लॅस्टिकच्या, दाब सहन करणाऱ्या बोया घ्याव्यात व त्या किती खोलीस चालतात हे दुकानदारास विचारूनच खरेदी करावी.

आसाचा आकार

आस ताणून, एका गाठीपासून समोरच्या गाठीपर्यंत मोजतात. या मापाच्या दुप्पट म्हणजे आसाचा घेर होय. 100 मिलिमीटर आसाचा घेर 200 मिलिमीटर असतो. कल्ल्यांजवळच्या घेरापेक्षा आसाचा घेर मोठा व शरीराच्या सर्वांत जाड भागाच्या घेरापेक्षा लहान असेल, तरच मासा नीट अडकतो. म्हणून आधी पकडलेल्या माशांचे घेर शिंप्याच्या टेपने मोजावेत व त्यावरून आस ठरवावा. बारीक आसाचे जाळे आज टोपली भरून देईल, परंतु त्यात सापडलेला पाव किलोचा कटला पुढील वर्षी कित्येक पट वजनाचा झाला असता. ठेक्याच्या करारात आसाची जी किमान मर्यादा दिलेली असेल, ती काटेकोरपणे पाळावी.

जाळे लावताना घ्यावयाची काळजी

जलाशयाच्या तळाशी झाडांची खोडे, विहिरींची बांधकामे व जुन्या घरांच्या भिंती असतात. त्यांत जाळे अडकून फाटते. म्हणून वजन लावलेल्या दोरीने तळाची चाचपणी आधी करावी. वजनाच्या खालच्या बाजूस ओला साबण लावल्यास त्यास गाळ अथवा वाळू चिकटून येते. काहीच न चिकटल्यास खाली खडक असण्याचा संभव असतो. गावातील ज्या वडीलधाऱ्या माणसांनी ती शिवारे पाण्याखाली जाण्यापूर्वी पाहिली आहेत, त्यांचा सल्ला अशा वेळी मोलाचा ठरतो.

नायलॉन कुजत नाही. तळाशी तुटून राहिलेले जाळे पुढेही मासे मारीत राहते व त्याचा लाभ कोणासच होत नाही. म्हणून प्रत्येक जाळ्यास दोन्ही टोकांस खुणेची बोय असावी व अडकलेले जाळे काढण्याचा सर्व प्रयत्न करावा. जाळी सायंकाळी लावून पहाटे काढावीत. उन्हाळ्यात उशीर केल्यास अडकून मेलेली मासळी लवकर खराब होते. होडीत प्रत्येकाने तरंगते जाकीट घालावे, वारा वाढल्यास पाण्यावर जाऊ नये व धरणाच्या दरवाजांजवळील निषिद्ध क्षेत्रात कदापि जाळे लावू नये.

खरेदीपूर्वी चाचणी

नवी जाळी घेण्यापूर्वी संस्थेच्या सभासदांनी मिळून एक चाचणी करावी. सारख्या लांबीची व सारख्या आसाची तीन जाळी घेऊन एक वर, एक मध्ये व एक तळाशी, अशी आठ ते दहा रात्री लावावीत. प्रत्येक सकाळी तारीख, जागा, पाण्याची खोली, जाळ्याची खोली, माशांची जात, संख्या व वजन एका वहीत लिहावे. ही वही ठेवण्याच्या कामी कार्यकर्त्यांनी सभासदांस साहाय्य करावे. चाचणी उन्हाळ्यात एकदा व हिवाळ्यात एकदा केल्यास आपल्या जलाशयाची चाल स्पष्ट होते.

मग कोणत्या थरासाठी किती जाळी घ्यावयाची, हा निर्णय ऐकीव माहितीवर अवलंबून राहत नाही. दोन हंगामांच्या नोंदी असलेली वही संस्थेच्या कपाटात असली, तर जाळ्यासाठी कर्ज काढण्यापूर्वी ते कर्ज फिटेल की नाही, याचा अंदाज सभासदांना स्वतःच बांधता येईल.