संगीतपटातील नृत्यजोडी : 'झनक झनक पायल बाजे' आणि 'अलबेला' यांच्या संदर्भात

चित्रपटातील नृत्याचा विचार आपल्याकडे बहुधा गाण्याचे एक उपांग म्हणूनच होतो. गीतकार, संगीतकार आणि पार्श्वगायक यांची चर्चा होते. परंतु पडद्यावर एकत्र नाचणाऱ्या दोन व्यक्तींमध्ये नेमके काय घडते, याकडे अभ्यासकांचे लक्ष क्वचितच जाते. हॉलिवूडमध्ये मात्र नृत्यजोडी हाच संगीतपटाचा कणा ठरला. फ्रेड अस्टेअर व जिंजर रॉजर्स यांनी १९३३ ते १९४९ या काळात दहा चित्रपट एकत्र केले. नर्तकाची संपूर्ण आकृती चौकटीत दिसावी आणि दृश्य शक्यतो तोडू नये, असा अस्टेअर यांचा आग्रह असे. या चित्रपटांत नृत्य म्हणजे अनुनय होय. नायिका प्रथम नकार देते, नृत्य सुरू होते आणि ते संपेपर्यंत तिचे मन वळलेले असते.

व्ही. शांताराम यांच्या 'झनक झनक पायल बाजे' (१९५५) मध्ये हे समीकरण नेमके उलटे झालेले दिसते. टेक्निकलरमधील या चित्रपटात गुरू मंगल महाराज (केशवराव दाते) आपला पुत्र गिरधर याला स्पर्धेसाठी घडवीत आहेत. शिष्या म्हणून आलेल्या नीलावर त्याचे प्रेम बसते आणि तेच साधनेतील विघ्न ठरते. म्हणजे येथे जोडी नृत्यासाठी आवश्यक आहे, पण जोडीतील प्रेम नृत्याला घातक मानले आहे. गिरधर साकारणारे गोपीकृष्ण बनारसच्या कथक परंपरेतील सिद्ध नर्तक होते, तर संध्या यांना या भूमिकेसाठी नृत्याचे धडे घ्यावे लागले. दोघांच्या तयारीतील अंतर पडद्यावर लपत नाही. तथापि कथेतच तो गुरूपुत्र व ती शिष्या असल्याने ते अंतर खटकत नाही. (पुढे 'नवरंग' (१९५९) मधील होळीच्या नृत्यात संध्या यांनी डोक्यामागे पुरुषाचा मुखवटा बांधून दोन्ही भूमिका एकटीनेच केल्या. जोडीविना जोडीनृत्याचे याहून चतुर उदाहरण सापडणे कठीण!)

याच्या चार वर्षे आधी आलेला 'अलबेला' (१९५१) अगदी निराळ्या मुशीतला आहे. चरित्रनोंदींनुसार अमरावतीत जन्मलेले, गिरणी कामगाराचे पुत्र भगवान आबाजी पालव हे त्याचे निर्माते, दिग्दर्शक व नायक. तोवर त्यांची ओळख कमी खर्चाच्या मारधाडपटांचे कर्ते अशी होती. नर्तकाला अपेक्षित शरीरयष्टी नाही, शास्त्रीय शिक्षणाचा आधार नाही. त्यांनी उडी, गिरकी, हस्तमुद्रा हे सारे वगळले. गुडघ्यांत किंचित वाकणे, हात अर्धे उचलून खांदे हलविणे आणि ठेक्यावर छोटी पावले टाकणे, एवढेच ठेवले. सी. रामचंद्र यांच्या ठेकेदार संगीताने त्या संयमाला जागा करून दिली. शेजारी गीता बाली यांची चपळता असल्यामुळे भगवान यांचे मोजकेपण उणेपणा न वाटता ढंग वाटते. कथेतही प्यारेलाल हा घरच्यांनी हिणवलेला, रंगभूमीचे वेड असलेला तरुण आहे आणि आशा ही रंगमंचावर आधीच स्थिरावलेली अभिनेत्री. त्यांचे नृत्य हा प्रणयापेक्षाही प्यारेलालने मिळविलेला मान आहे.

या नृत्याला 'नृत्य' म्हणावे काय, असा प्रश्न शास्त्रीय दृष्टीचे अभ्यासक उपस्थित करतात. त्यांच्या निकषावर गोपीकृष्ण निःसंशय श्रेष्ठ ठरतात. परंतु त्यांचा तोडा करण्यास वर्षानुवर्षांची तालीम लागते. भगवान यांचे पाऊल वरातीतील कोणालाही टाकता येते आणि आजही टाकले जाते. साधेपणाची ही रचना विचारपूर्वक केलेली होती, हे मान्य करण्यात समीक्षेने कंजूषी केली आहे. अमिताभ बच्चन यांच्या नृत्यशैलीवर भगवान यांचा प्रभाव असल्याचे सर्वश्रुत आहे.

'झमेला' (१९५३) मध्ये भगवान व गीता बाली पुन्हा एकत्र आले, पण ते यश मिळाले नाही. गीता बाली यांचे १९६५ मध्ये देवीच्या रोगाने निधन झाले. भगवान पुढील अनेक वर्षे किरकोळ भूमिका करीत राहिले. त्यांतील कित्येक भूमिका तीच दोन-चार पावले टाकण्यापुरत्या होत्या. २००२ मध्ये दादर येथे त्यांचा मृत्यू झाला.