आष्टी तालुका (बीड जिल्हा)

आष्टी हा महाराष्ट्राच्या मराठवाडा विभागातील बीड जिल्ह्याचा एक तालुका आहे. आष्टी हे त्याचे मुख्यालय असून तेथे नगरपंचायत आहे. कडा ही तालुक्यातील मोठी बाजारपेठ आहे. याच नावाची गावे वर्धा व सोलापूर जिल्ह्यांतही आहेत; १८१८ची मराठे-इंग्रज लढाई सोलापूर जिल्ह्यातील आष्टी येथे झाली होती.

भूगोल

तालुका जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला बालाघाट डोंगररांगेत वसलेला आहे. पूर्वेस पाटोदा व शिरूर कासार हे तालुके, तर पश्चिमेस व दक्षिणेस अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्हा आहे. सीना नदी काही अंतरापर्यंत दोन्ही जिल्ह्यांची सीमा बनते.

बीड जिल्ह्याचा बहुतांश भाग गोदावरी खोऱ्यात येतो. आष्टीतील मेहेकरी, कडी इत्यादी नद्यांचे पाणी मात्र सीनेला मिळते आणि भीमेमार्गे कृष्णेत जाते. त्यामुळे गोदावरीवरील जायकवाडी धरणाचा उपयोग या तालुक्याला होत नाही. मेहेकरी, कडा, कडी व रूटी हे येथील मध्यम सिंचन प्रकल्प आहेत. परंतु ते स्थानिक पावसावरच भरतात आणि तालुका पर्जन्यछायेच्या प्रदेशात मोडतो. डोंगरउतारावरील जमीन हलकी व मुरमाड असून नदीकाठी काळी जमीन आढळते.

इतिहास

आष्टी हा निजामाच्या हैदराबाद संस्थानातील बीड जिल्ह्याचा तालुका होता. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान भारतात विलीन झाले. १९५६च्या राज्य पुनर्रचनेत मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६०पासून तो महाराष्ट्राचा भाग आहे.

लोकजीवन

मराठी ही प्रमुख भाषा असून मुस्लिम कुटुंबांत दखनी उर्दूही बोलली जाते. सावरगाव येथील मायंबा हे मच्छिंद्रनाथांचे समाधिस्थान असल्याची श्रद्धा असून नाथ संप्रदायाचे भाविक तेथे येतात. बाजार, शिक्षण व वैद्यकीय उपचारांसाठी तालुक्याचा अहिल्यानगर शहराशी निकटचा संबंध आहे.

अर्थव्यवस्था

शेती प्रामुख्याने कोरडवाहू आहे. ज्वारी, बाजरी, तूर, उडीद, कापूस व कांदा ही पिके घेतली जातात. बालाघाटाच्या परिसरात सीताफळ होते. बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. दुग्धव्यवसाय हे महत्त्वाचे जोडउत्पन्न आहे, पण दुष्काळात चाऱ्याअभावी तेही अडचणीत येते. २०१८-१९च्या दुष्काळात पशुधन वाचवण्यासाठी तालुक्यात चारा छावण्या उघडाव्या लागल्या.

रब्बीचा भरवसा नसल्याने अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणीसाठी पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकात जातात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. पती-पत्नीच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात. मुकादम हंगामापूर्वी ‘उचल’ देतो व ती तोडणीच्या मजुरीतून वळती होते. हिशेबात रक्कम शिल्लक राहिल्यास तिची फेड पुढील हंगामात करावी लागते. या स्थलांतराचा परिणाम मुलांच्या शिक्षणावर व स्त्रियांच्या आरोग्यावर होतो. जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करण्यासाठी २०१९मध्ये राज्य शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. मुलांसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना सुरू करण्यात आली आहे.

सिंचन योजना

मराठवाड्याच्या वाट्याचे कृष्णा खोऱ्यातील पाणी उपसा पद्धतीने तालुक्यात आणण्यासाठी आष्टी उपसा सिंचन योजना आखण्यात आली आहे. खुंटेफळ येथील साठवण तलाव हा तिचा महत्त्वाचा घटक आहे. पाण्याची कायम सोय झाल्यास रब्बी पीक व चारा शाश्वत होऊन स्थलांतर कमी होईल, अशी अपेक्षा आहे.

वाहतूक

अहिल्यानगर-बीड-परळी या २६१ किमी लांबीच्या रेल्वेमार्गावर न्यू आष्टी हे स्थानक आहे. अहिल्यानगर ते न्यू आष्टी या सुमारे ६६ किमी टप्प्यावर २३ सप्टेंबर २०२२ रोजी प्रवासी गाडी सुरू झाली. १७ सप्टेंबर २०२५ रोजी रेल्वेसेवा बीडपर्यंत पोहोचली.

प्रशासन

आष्टी हा महाराष्ट्र विधानसभेचा २३१ क्रमांकाचा मतदारसंघ असून तो बीड लोकसभा मतदारसंघात समाविष्ट आहे.