उन्हातले न दिसणारे ऊन

हरभऱ्यावर, तुरीवर घाटेअळीसाठी विषाणूची, म्हणजे एच.ए.एन.पी.व्ही.ची फवारणी सांगताना आम्ही दोन गोष्टी हमखास बजावतो. फवारा उन्हं कलल्यावर मारा आणि द्रावणात कपड्यांची राणीपाल टाका. पहिली गोष्ट लोक ऐकतात, दुसरीला हसतात. अकोल्याकडे तर विचारतात, "साहेब, अळी धुवाची हाय काय?"

ऊन आपल्याला पांढरे दिसते, पण त्यात नाना तऱ्हेचे किरण असतात. तांबड्यापासून जांभळ्यापर्यंतचे डोळ्यांना दिसतात. पानाचे अन्न याच उजेडावर तयार होते. तांबड्याच्या अलीकडचे अवरक्त किरण दिसत नाहीत, अंगाला ऊब म्हणून जाणवतात. विल्यम हर्शेल यांनी १८०० साली साध्या थर्मामीटरने ते शोधले. जमिनीवर पोचणाऱ्या उन्हाच्या शक्तीत निम्म्याच्या आसपास वाटा त्यांचाच. जांभळ्याच्या पलीकडचे ते अतिनील. शंभरात जेमतेम पाच, पण फार तिखट! उन्हात राहिलेली प्लॅस्टिकची दोरी कडक होऊन तुटते, ते यांचे काम. ठिबकच्या नळ्या काळ्या का असतात? त्यांत घातलेली काजळी हे किरण अडवते म्हणून.

विषाणूचा वैरी हाच. भर उन्हात पानावरच्या विषाणूचा जोर एक-दोन दिवसांतच ओसरतो. दुपारी सूर्य डोक्यावर असतो, किरणांना हवेतून कमी वाट चालावी लागते, म्हणून तेव्हा अतिनील सर्वांत जास्त; सांजेला अगदी थोडे. सायंकाळी फवारले तर अळीला विषारी पाला खायला अख्खी रात्र मिळते.

आता राणीपाल. ती अतिनील किरण पिते आणि त्यांचाच निळसर उजेड करून बाहेर टाकते. सदरा पांढराशुभ्र दिसतो तो त्यामुळेच, आणि पानावरच्या विषाणूला सावली मिळते तीही त्यामुळेच. (नीळ वेगळी, ती नुसती निळी झाक चढवते.)

अळ्या लहान असतानाच फवारा. माणसाला, गुराढोरांना, मधमाश्यांना या विषाणूचा धोका नाही. पण दुसऱ्याच दिवशी वावरात जाऊन "अळी तशीच हाय" म्हणू नका. अळी मरायला पाच ते सात दिवस लागतात. मेलेली अळी फांदीला उलटी लोंबते, अंग पिलपिलीत होते. अशा अळ्या वेचून पाण्यात ठेचा, फडक्याने गाळा आणि तेच पाणी पुन्हा फवारा, अर्थात उन्हं कलल्यावर आणि राणीपाल घालून.